बयाबाईचं बेट

भोकरवाडीच्या अंबाजी आबांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "तुला साडेसहा फुटी पुरंल."

मी बांबूंवर पीएचडी करते आणि त्या दिवशी त्यांच्याकडे बांबूचा नमुनाच मागायला गेले होते. म्हटलं, "नको आबा, एवढा मोठा कशाला, मला दोन फूट पुष्कळ झाला." ओट्यावर बसलेली दोन माणसं इतकी हसली की एकाला ठसका लागला. मग कळलं की आबा गावाच्या तिरड्या बांधतात, आणि समोर येईल त्याचं माप नजरेनेच घेऊन ठेवायची त्यांना सवय आहे. पाहुणा असला तरी सोडत नाहीत. कोण कुठे जाईल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आबांना वय विचारलं तर "धरनाच्या आदीचं सांगू का नंतरचं?" असं विचारतात. वडिवळे धरणाच्या पाण्यात त्यांची खालची भातखाचरं गेली, वरची राहिली, त्यात घरापुरता तांदूळ होतो. मधली बरीच वर्षं त्यांनी लोणावळ्यात एका मुंबईवाल्याच्या बंगल्यावर माळीकाम केलं. बायको बयाबाई त्याच बंगल्यात धुणीभांडी करायची. दोघं सकाळी बरोबर निघत आणि संध्याकाळी बरोबर परत येत, आणि जाताना सुरू झालेलं भांडण येताना संपलेलं नसे, अशी गावात ख्याती होती.

तिरड्या बांधायचं काम त्यांना कोणी दिलेलं नाही, त्यांनीच ते बळकावलं. त्यांच्या तरुणपणी एक चुलते वारले. भावकीतल्या हौशी मंडळींनी घाईघाईत तिरडी बांधली, ओढा उतरताना गाठ सुटली आणि चुलते घसरून सरळ पाण्यात जाऊन बसले. बायका किंचाळल्या, खांदेकऱ्यांतले दोघे पळाले. आबांनी चुलत्यांना पाण्यातून उचललं, तिरडी तिथेच सोडून नव्याने बांधली आणि सगळ्यांना अशा काही शिव्या घातल्या की पुढे गावात कोणी गेलं की लोक आधी त्यांनाच बोलवायला लागले. बांबू त्याच दिवशी तोडलेला हिरवा हवा, सुतळी भिजवलेली हवी, पेंढा कोरडा हवा. रडणाऱ्या माणसाने गाठीला हात लावायचा नाही, कारण रडताना गाठ सैल बसते. असे त्यांचे नियम होते आणि ते मोडायची कोणाची छाती नव्हती.

या भागात बांबू जाळत नाहीत. जाळला तर घराला लागतं म्हणतात. काय लागतं ते मी बऱ्याच जणांना विचारलं, कोणाला माहीत नव्हतं, पण जाळायला कोणी तयार नव्हतं. त्यामुळे प्रेत चितेवर ठेवलं की तिरडीचे दोन लांब बांबू बाजूला नदीच्या काठावर फेकून देतात. ते नंतर कोणी उचलत नाही. कुंपणाला नाही, मांडवाला नाही, चुलीला तर नाहीच. तिथेच कुजतात.

बयाबाई एका श्रावणात गेली. नदी फुगलेली होती, काठावर गुडघाभर गाळ. आबांनी तिची तिरडी स्वतः बांधली, कोणाला हात लावू दिला नाही. रिवाजाप्रमाणे तिचे बांबू बाजूला फेकले, ते गाळात तिरपे रुतले. पुढच्या पावसाळ्यात त्यांतल्या एकाला पेरापेरावर हिरवे डोळे फुटले. त्याच्या पुढच्या वर्षी कोंब आले. मी गेले तेव्हा तिथे चांगलं दोन माणसं उंच बेट उभं होतं.

गावाने याचे दोन अर्थ लावले. काहींच्या मते बयाबाईची शांत नीट झाली नव्हती. बाकीच्यांच्या मते तिचं बोलायचं काहीतरी राहून गेलं होतं. जेवढं मी तिच्याबद्दल ऐकलं त्यावरून मला दुसरं जास्त पटतं.

आबांना तर शंकाच नव्हती. रोज संध्याकाळी ते किटलीत चहा घेऊन बेटाशी जात, अर्धा चहा बुडात ओतत, अर्धा स्वतः पीत आणि भांडायला बसत. भांडण दोन्ही बाजूंनी तेच करत. आधी स्वतःच्या आवाजात, मग बयाबाईच्या. तिचा आवाज ते इतका हुबेहूब काढत की अंधार पडायच्या वेळी धरणाकडून येणारा तरुण मंडळाचा एक खजिनदार तो ऐकून मोटारसायकल तिथेच टाकून पळाला. तेव्हापासून संध्याकाळी त्या रस्त्याने कोणी फिरकेना. मी आबांना विचारलं की दोन्ही बाजू तुमच्याच हातात असताना तुम्ही रोज हरता कसे? आबा म्हणाले, "जित्ती असताना तिनं मला एक वाक्य पुरं करू दिलं न्हाई. आता येळ हाय तर माझं वाक्यच संपतंय."

मी तिथे पोचले ते एका फोटोमुळे. माझी मैत्रीण समीक्षा धरणावर पक्षी बघायला गेली होती. पक्षी दिसले नाहीत म्हणून तिने बांबूचा फोटो काढून मला पाठवला. फोटो पाहून मी जेवणावरून उठले. आमच्या सह्याद्रीत बांबू आहेत तरी किती? काटेरी कळक, घरं शाकारायला लागणारी मेस, काठ्यांचा भरीव बांबू आणि आणखी दोन-चार. हा त्यांतला कोणताच नव्हता.

बांबू ओळखायचा तर फूल लागतं, आणि बांबू फुलतो चाळीस-पन्नास वर्षांतून एकदा. पीएचडीची मुदत तेवढी नसते. तोवर कोंबावर जी खोळ असते तिच्यावर भागवावं लागतं. खोळीला वरच्या टोकाशी दोन बाजूंना कान असतात, कानांना केस असतात, पाठीवर लव असते. त्यांची लांबी, रंग, वाकण सगळं लिहून काढायचं. मी गाळात उकिडवी बसून खोळी मोजत होते आणि आबा किटली घेऊन डोक्यावर उभे होते.

"काय लिवलं?"

"कानांवर लांब केस."

"व्हते तिला," आबा म्हणाले.

"पेरावर पांढरी भुकटी आहे. बोटाने पुसली की जाते."

"लग्नाकार्याला लावायची. घाम आला की जायची."

"खोळ फार लवकर गळत नाही. धरून ठेवते."

आबांनी किटली या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "हे पन लिव."

काठी मात्र त्यांनी तोडू दिली नाही. मी विद्यापीठाचं पत्र दाखवलं, संशोधनाचं महत्त्व सांगितलं, शेवटी हात जोडले. "बाईचा हात तोडून न्येतीस व्हय?" म्हणाले. ही काठी म्हणजे तिचा उजवा हात, ती वाकडी म्हणजे दुखरा गुडघा, ते मधलं झुडूप म्हणजे केस, असं सगळं बेट त्यांनी वाटून टाकलं होतं. सगळे वाटे बयाबाईलाच. मला गळलेल्या खोळी, थोडी पानं आणि बुडातली मूठभर माती एवढ्यावर परत पाठवलं.

पुण्यात माझ्या सरांनी खोळी भिंगाखाली धरल्या आणि त्यांचा चेहरा एकदम पाळण्याला पेढे वाटणाऱ्या माणसासारखा झाला. "नवी जात आहे," म्हणाले, "मावळातली नवी जात." आणि त्या जातीला कोणाचं नाव द्यावं यावर त्यांनी मला पाऊण तास सुचवत ठेवलं. मी काही सुचवलं की गप्प बसायचे. शेवटी माझ्या लक्षात आलं की ते मी त्यांचं नाव सुचवायची वाट बघत होते. हे मी आबांना फोनवर सांगितलं तर ते भडकले. "त्याचा काय संबंध? तो आलता का खांदा द्यायला?"

तोवर गावात दुसरं प्रकरण उभं राहिलं. वाडीला स्मशानशेड मंजूर झाली. पत्र्याचं छप्पर, लोखंडी जाळी, बसायला ओटा. जागा ठरली ती बेटाची, कारण तिथवर गाडीरस्ता होता. सरपंच राजेश्वरीताई, पण बोलायचं काम त्यांचे नवरे बजरंगराव करतात. येत्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी लावायचा, असं बजरंगरावांनी जाहीर करून टाकलं. भुताचंही आपोआप मिटेल, असं वर सांगितलं.

आबा आयुष्यात पहिल्यांदा सोमाटण्याला आमच्या घरी आले. एवढ्या लांब दोन गाड्या बदलून आले आणि दारातच माझ्या वडिलांचं माप घेऊन मग आत बसले. चहाला हात लावला नाही.

"मॅडम, सरपंचीनबाईला भेटलो मी. ती चांगली हाय. ती म्हनली, मॅडमनी कागद द्यावा की हे झाड जगात दुसरीकडं कुटं न्हाई. मंग मी शेड सरकवती. न्हाईतर माझ्याच्यानं न्हाई व्हनार." मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तिला तोडली तर मी संध्याकाळी जाऊ कुटं? घरात पोरगं हाय, सून हाय, टीव्ही हाय. पन घरात माझ्याशी कोन भांडत न्हाई, आबा आबा करत्यात निस्ते. काय बी लिव, पन लिव."

मी त्यांना शब्द दिला. मला वाईट वाटलं होतं, आणि शिवाय जात नवी आहेच अशी माझी खात्री होती.

मातीचा अहवाल आला तेव्हा प्रयोगशाळेतल्या माणसाने मला फोन करून विचारलं की बाई, ही माती आहे का भिंत खरवडून आणलीत? चुन्याचं प्रमाण इतकं होतं. आता मावळ म्हणजे वरपासून खालपर्यंत काळा कातळ. पाऊस असा की मातीत चुना असलाच तर वाहून जावा. इथे चुनखडी कुठून? सरांना तर रात्रीची झोप लागेना. नव्या जातीबरोबर चुनखडीचा डोंगर पण आपल्याच नावावर जमा होतोय असं त्यांना दिसायला लागलं.

लेख पाठवायच्या आधी बँकॉकच्या एका बाईंना खोळी दाखवाव्यात, असं मीच म्हटलं. त्या बांबूंमधल्या मोठ्या जाणकार. व्हिडिओ कॉलवर मी खोळ कॅमेऱ्यासमोर धरली. बाईंनी ती बघितली आणि हसत सुटल्या. उठून गेल्या, कपाटातून एक कागद काढून आणला, त्यावर तशीच खोळ चिकटवलेली होती. तेच कान, तेच केस, तीच लव. "हा आमचा आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे चुनखडीच्या टेकड्यांवर होतो. दुसऱ्या मातीत लावला की पिवळा पडून मरतो. तुमच्याकडे आला कसा?" सर कॅमेऱ्याच्या चौकटीतून हळूच बाजूला झाले. त्यानंतर त्यांनी या बांबूचा विषय काढलेला नाही.

मी तशीच भोकरवाडीला गेले. आबा बेटाशी बसलेले होते, बयाबाईचा आवाज चालू होता. मी पोचले तशी बयाबाई गप्प झाली.

"आबा, तिरडीचा बांबू तुमच्या बांधावरचा, असं तुम्ही म्हणाला होतात."

"म्हनलो व्हतो."

"खरं सांगा."

आबांनी सांगितलं. बंगल्याच्या मालकाने थायलंडहून एक बांबू आणून लावला होता. गुळगुळीत, निळसर, बिनकाट्याचा. बयाबाई दुपारची भाकरी त्याच्या सावलीत खायची. एकदा खाता खाता म्हणाली, "मला न्यायची तर ह्याच्यावरनं न्या. तुमचे काटेरी कळक नकोत. जलमभर टोचलंय तेवढं बास." आबा म्हणाले, तुझी जायची वेळ तर येऊ दे. मग आली. त्या पहाटे आबा पावसात लोणावळ्याला गेले. मालक मुंबईला. वॉचमन दत्तोबा जुना ओळखीचा. "त्येला म्हनलं, दत्तोबा, तू जरा तिकडं बघ. त्यो तिकडं बघाय लागला. मी दोन तोडलं."

"मग हे मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू म्हनलीस नवी जात हाय. मला वाटलं, असंल. तू शिकल्याली." मग जरा थांबून म्हणाले, "आन नवी म्हनल्यावर कोन तोडनार न्हवतं."

मी त्यांच्यावर ओरडले. माझी वर्षभराची मेहनत, माझा लेख, माझी पदवी. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी बयाबाईच्या आवाजात म्हणाले, "बरं सुनावलं. असंच पायजे ह्यांना." मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी मी लोणावळ्याला गेले. दत्तोबांनी बंगल्याच्या मागे नेऊन बांबूची जागा दाखवली. तिथे प्लास्टिकची हिरवळ आणि पोहण्याचा हौद. "बंगला नवा व्हता तवर लय जोरात व्हता," दत्तोबा म्हणाले. "बांधकामाचा राडारोडा तिथंच पुरल्याला. मंग पिवळा पडत गेला. दोन वर्सं झाली मरून." आबा कसे माळी होते, तेही विचारून घेतलं. "झाडांस्नी शिव्या द्यायचे. पन झाडं वाढायची."

म्हणजे राडारोड्यातला चुना होता तोवर बांबू जगला. पावसाने तो धुऊन नेला तशी त्याची रया गेली. मग भोकरवाडीत तो मजेत कसा? तिथे कसला राडारोडा? कामशेतला मी सहा आसनी रिक्षात बसले, रिक्षा भरायची वाट बघत होते, आणि एकदम डोक्यात आलं. "हाडं," मी मोठ्याने म्हणाले. शेजारची बाई पिशवी उचलून पलीकडे सरकली.

खोटा कागद लिहून द्यावा असं माझ्या मनात आलंच नाही असं नाही. पण बांबूच्या बाबतीत खोटं लिहिलं की ते दुसरा बांबूवाला पकडतो, आणि जगात बांबूवाले थोडे असले तरी सगळ्यांना वेळ भरपूर असतो. शिवाय राजेश्वरीताईंनी आबांकरवी मला खरं काय ते विचारलं होतं. तेव्हा पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर मी शाळेच्या पडवीत ग्रामसभेपुढे उभी राहिले. आबा पहिल्या रांगेत, धुतलेला सदरा घालून, लग्नातल्या मुलीच्या बापासारखे बसले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

"हा बांबू नवा नाही," मी म्हटलं. "बाहेरच्या देशातला आहे. बागेतून इथे आला."

"झालं तर मंग," बजरंगराव म्हणाले. "बाहेरचा हाय. उद्या जेसीबी."

आबा स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. ज्या हातांनी गावातलं प्रत्येक माणूस बांधून पोचवलं, ते हात मांडीवर उताणे पडले होते. मला राग आला, बजरंगरावांचा, सरांचा, माझा. त्या रागात मी बोलत सुटले.

"माझं संपलेलं नाही. हा बांबू फक्त चुनखडीच्या डोंगरावर जगतो. इथे चुनखडी नाही. बंगल्यात तो मेला. मग इथे का जगला, विचारा की." कोणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं. "माणसाच्या हाडांत चुना असतो. तुम्ही अस्थी वेचून नेता, पण राख राहते, बारीक तुकडे राहतात, ते मातीत जातात. इतक्या वर्षांचे. तो त्यावर जगलाय. तुमच्या माणसांवर."

पहिले उठले ते आबाच.

"म्हंजी? त्यात निस्ती बया न्हाई?"

"नाही आबा. सगळे आहेत."

"सखाराम पन?"

सखाराम त्यांचा चुलतभाऊ. बांधावरून दोघं चाळीस वर्षं भांडले. त्याची तिरडी आबांनी बांधली ती दुहेरी गाठींनी, परत उठून येऊ नये म्हणून.

"सखाराम पण," मी म्हटलं.

"आन मी त्येला रोज च्या पाजतोय," आबा म्हणाले आणि मटकन खाली बसले. सभा हसली. पण ते हसणं लवकर संपलं, कारण मग एकेक जण बोलायला लागला. माझी आई पण असंल की. आमचे आप्पा तर तितंच. खजिनदार, जो मोटारसायकल टाकून पळाला होता, त्याने हळूच विचारलं की त्याची लहान बहीण असेल का. कोणी हसलं नाही.

इथे एक सांगायला हवं. भोकरवाडीत जाळायच्या जागा दोन आहेत. नदीच्या वरच्या अंगाला गावाची आणि खालच्या अंगाला बौद्ध वस्तीची. मध्ये थोडी पावलं आणि बरंच काही. मी सोमाटण्याच्या बौद्ध घरातली, मला कोणत्या गावात कोणती जागा कुठे असते हे विचारावं लागत नाही. बेट बरोबर त्या दोहोंच्या मध्ये आहे. आणि नवी शेड एकच होणार होती, तरी ती नक्की कोणाची, हा प्रश्न सभेत कोणी काढलेला नव्हता.

पडवीच्या टोकाला, खांबापाशी, चिमाबाई उभ्या होत्या. त्या वस्तीतल्या. त्यांचा पवन गेल्या वर्षी कंपनीतून रात्रपाळी करून येताना जुन्या हायवेवर कंटेनरखाली गेला. बाविशीचा होता. चिमाबाई सभेत कधी बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "बाई, खालच्या अंगाची राख पन लागती का त्याला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बेटाचा नकाशा काढला होता, कोणती काठी कोणत्या वर्षाची ते मांडलं होतं. बांबूचं बेट जिथे खायला मिळतं तिकडे सरकतं. हे बेट वर्षावर्षाला खालच्या अंगाला सरकत होतं.

"लागते मावशी," मी म्हटलं. "तिकडेच जास्त चाललंय ते."

चिमाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग बजरंगराव म्हणाले, "ते समदं खरं, पन रस्त्याच्या सोईनं बघता..." राजेश्वरीताई म्हणाल्या, "तुमी बसा." नवरा-बायकोंत हे पहिल्यांदाच झालं असावं, कारण बजरंगराव खरोखरच बसले. शेड रस्त्याच्या पलीकडे घ्यायची, दोन्ही अंगांना मिळून एकच, असा ठराव झाला. हात किती वर झाले ते मोजायची गरज पडली नाही.

संध्याकाळी मी बेटाशी गेले. आबा किटली घेऊन आले, पण भांडण सुरू करेनात. बेटाकडे संशयाने बघत होते. "आता बोलू तरी काय? समदं गाव ऐकतंय," म्हणाले. त्यांचं जे एकट्याचं होतं ते मी खरं बोलून गावात वाटून टाकलं होतं, आणि तोडलं जाण्यापेक्षा हे बरं असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

तेवढ्यात पाऊलवाटेने चिमाबाई आल्या. थोड्या लांबच थांबल्या. गावाच्या म्हाताऱ्यासमोर पुढे यावं की नाही, ते त्या ठरवत होत्या. मग आल्या. बेटाकडे वर-खाली बघितलं आणि आबांना विचारलं, "भाऊ, ह्यातला माझा पवन कोनता?"

मी सांगायला तोंड उघडलं की मावशी, तसं नसतं, मुळं सगळीकडून घेतात, एक काठी एकाची असं होत नाही. आबांनी हात वर करून मला गप्प केलं. किटली खाली ठेवली. ज्या माणसाने मला बोटभर तुकडा तोडू दिला नव्हता, तो बेटाला वळसा घालून खालच्या अंगाला गेला. तिथे या पावसाळ्यातला एक कोंब सरळ वर निघाला होता, खोळ अजून अंगावर होती. आबांनी तो खालून वर नीट बघितला, नेहमी माणसाला बघतात तसा, आणि त्याच्यावर हात ठेवला.

"ह्यो," ते म्हणाले. "यंदाचाच हाय. अजून लय वाढायचाय."